मॅच बघायचीय, पण पायऱ्या झेपत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः महाराष्ट्रातल्या क्रिकेट स्टेडियमबद्दल आहेत: मुंबईचं वानखेडे, पुण्याजवळचं गहुंजे, नागपूरचं जामठा आणि नेरुळचं डी. वाय. पाटील. व्हीलचेअर वापरणारे, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलेले आणि या सगळ्यांना सोबत घेऊन जाणारे, अशा सर्वांसाठी हे लिहिलं आहे. तिकीटविक्रीची पद्धत दर मालिकेला बदलते, त्यामुळे फोन नंबर आणि दर दिलेले नाहीत. कुणाला काय विचारायचं, ते दिलं आहे.

व्हीलचेअर लागत नाही, पण जिने चढवत नाहीत. माझ्यासारख्यांसाठी काही सोय असते का?

तुमच्यासाठी म्हणून वेगळी सोय बहुधा नसतेच. आपल्याकडे सोय म्हटलं की आयोजकांच्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर येते. एक रॅम्प बांधला, त्यावर निळी पाटी लावली की काम झालं. पण स्टेडियमवर जाऊ न शकणाऱ्यांत व्हीलचेअरवाल्यांपेक्षा दुखऱ्या गुडघ्यांची माणसं कितीतरी जास्त असतात. त्यांना रॅम्पपेक्षा जिन्याला कठडा, मधे टेकायला बाक आणि कमी पायऱ्यांची जागा लागते. ती माणसं कुठल्याच नोंदीत येत नाहीत, कारण बहुतेकांकडे प्रमाणपत्र नसतं आणि बरीचशी स्वतःला दिव्यांग म्हणवूनही घेत नाहीत. ‘नको, तुम्ही जा, मी टीव्हीवर बघते’ म्हणून मोकळी होतात.

तेव्हा सोय तुम्हालाच शोधावी लागते, आणि ती बरीचशी तिकिटाच्या निवडीत असते. पुढचा प्रश्न म्हणूनच नीट वाचा.

मग सगळ्यात खालची रांग घेतली की झालं ना?

नाही. बहुतेकांची हीच समजूत असते. स्टेडियममध्ये शिरण्याची वाट अनेकदा स्टँडच्या मधोमध उघडते: आधी बाहेरच्या बाजूने एखादा जिना चढायचा, मग भिंतीतल्या तोंडातून स्टँडमध्ये यायचं आणि तिथून आपल्या रांगेपर्यंत वर किंवा खाली जायचं. अशा स्टँडमध्ये पहिली रांग घेतली तर चढून पुन्हा उतरायचं, आणि परत निघताना तेच उलट. गुडघ्यांना उतरणं चढण्याहून जड जातं, हे ज्याला दुखतं त्याला सांगायला नको.

त्यामुळे शोधायची ती आत शिरण्याच्या तोंडाला लागून असलेली रांग, आणि त्या रांगेतही वाटेकडेची खुर्ची. वरच्या मजल्यांवर उतार तीव्र असतो; तिथे रांगेमागे बहुधा दोन पायऱ्या धरा. म्हणजे तोंडापासून दहा रांगा दूर गेलात तर वीसेक पायऱ्या, त्याही अनेकदा कठड्याविना. सरावलेल्या पोरांना त्याचं काही वाटत नाही, पण कॉफीचे पेले घेऊन उतरणाऱ्याचा एक धक्का वॉकरवाल्याला पुरतो.

तिकीट साइटच्या नकाशावर ही तोंडं नीट दाखवलेली नसतात. त्या स्टँडमधून काढलेले प्रेक्षकांचे फोटो आणि व्हिडिओ शोधा. त्यात ती चौकोनी उघडी जागा स्पष्ट दिसते.

व्हीलचेअरच्या जागा ऑनलाइन दिसतच नाहीत. कुणाला विचारायचं?

सामना कुणाचा आहे यावर ते ठरतं. आयपीएलची तिकिटं यजमान संघाची कंपनी विकते. भारताचा आंतरराष्ट्रीय सामना असेल तर स्थानिक संघटना: वानखेडेला मुंबई क्रिकेट संघटना, गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट संघटना, जामठ्याला विदर्भ क्रिकेट संघटना. विश्वचषकासारख्या स्पर्धेत आयसीसीची तिकीट यंत्रणा वेगळी असते. चुकीच्या दारी विचारलं तर तिकडून इकडे टोलवाटोलवी ठरलेली.

फोनवर विचारा, पण लगेच तेच ईमेलने लिहून पाठवा आणि उत्तर छापून खिशात ठेवा. गेटवरच्या खासगी सुरक्षारक्षकाला फोनवर काय ठरलं त्याच्याशी काही देणंघेणं नसतं; कागद दाखवला तर तो निदान वरच्या माणसाला बोलावतो.

नेमके काय प्रश्न विचारायचे?

‘व्हीलचेअरची सोय आहे का?’ असं विचारू नका. त्याला ‘हो हो, आहे ना’ हेच उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. गाडीतून उतरल्यापासून खुर्चीत बसेपर्यंतची वाट त्यांच्याकडून वदवून घ्या. आमची गाडी कुठल्या गेटपर्यंत येऊ देतील? गेटपासून जागेपर्यंत एकूण पायऱ्या किती? लिफ्ट असेल तर ती सामन्याच्या दिवशी सगळ्यांसाठी चालू असते की फक्त पाहुण्यांच्या कक्षासाठी? सर्वांत जवळचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, आणि त्याच्या दारातून व्हीलचेअर आत जाते का? सोबतचा माणूस शेजारी बसेल की चार रांगा मागे? ई-तिकिटावरून कागदी तिकीट घ्यावं लागणार असेल तर ते माझ्याऐवजी दुसरं कुणी आणलं तर चालेल का?

लिफ्टचा प्रश्न टाळू नका. लिफ्ट असणं वेगळं आणि तुम्हाला तिच्यात शिरू देणं वेगळं.

सोबतच्या माणसाला तिकीट लागतं का?

आपल्याकडे एकसारखा नियम नाही. दोन तिकिटांची तयारी ठेवा आणि सवलत मागून बघा. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांत मदतनिसाला मोफत प्रवेश देण्याची पद्धत रुळलेली आहे. ऑस्ट्रेलियात कम्पॅनियन कार्ड नावाची योजनाच आहे: ज्याला सोबतीशिवाय बाहेर पडता येत नाही त्याच्याकडे ते कार्ड असतं आणि योजनेत सामील झालेली स्टेडियम सोबत्याचं तिकीट घेत नाहीत. मदतनीस हा दुसरा प्रेक्षक नसून पहिल्याच्या येण्याचा भाग आहे, असा त्यामागचा साधा हिशेब. आपल्या संघटनांना तो पटवून द्यायला हरकत नाही.

जागा मिळाली, पण षटकार बसला की समोरचे सगळे उभे राहतात. मग काय दिसणार?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि पैसे वाया जातात ते इथेच.

स्टेडियमची रचना करताना समोरच्याच्या डोक्यावरून तुमची नजर किती मोकळी जाते हे मोजतात. ९० मिलिमीटर मोकळीक चांगली समजतात, १२० उत्तम, ६० म्हणजे कशीबशी. पण हा हिशेब सगळे बसलेले आहेत असं धरून केलेला असतो. समोरचा उभा राहिला की मागचाही उभा राहतो आणि प्रश्न मिटतो. व्हीलचेअरवाला उभा राहू शकत नाही. त्याला दिसायचं तर त्याचा चौथरा पुढच्या रांगेपेक्षा बराच उंच लागतो. अमेरिकेच्या नियमांत हे स्पष्ट आहे: जिथे प्रेक्षक उभे राहण्याची शक्यता आहे तिथे व्हीलचेअरवाल्याला उभ्या माणसांच्या वरून दिसलं पाहिजे.

आपल्याकडे असा चौथरा क्वचितच सापडतो. व्हीलचेअर बहुतेक वेळा जिथे सपाट जागा मिळेल तिथे, म्हणजे सीमारेषेजवळच्या कठड्यामागे किंवा वाटेच्या तोंडाशी लावतात. कठड्यामागे जाहिरातींचे फलक, पोलीस आणि कॅमेरेवाले आड येतात, तोंडाशी येणारे-जाणारे. यातून निवडायचंच असेल तर तोंडाशी बसा. तिथली गर्दी षटकांच्या मधे हलते, फलक मात्र दिवसभर हलत नाही.

स्वयंसेवक म्हणतात, ‘खुर्चीसकट उचलून नेतो.’ चालेल का?

माझं मत: नाही म्हणा. उचलणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं, पण चार अनोळखी पोरांनी अरुंद जिन्यावर खुर्ची तिरकी धरली की पडण्याचा धोका तुमचाच. बॅटरीवरची व्हीलचेअर तर माणसासकट शंभर-दीडशे किलोंच्या घरात जाते. आणि ज्यांनी वर नेलं ते खाली आणायला असतीलच असं नाही. जागा बदलून मागा. स्टेडियम अर्धंअधिक रिकामं असेल तर खालच्या मजल्यावर बसवून देतात, हा अनुभव अनेकांचा आहे.

रॅम्प असला की पुरे ना? लिफ्टचा आग्रह कशाला?

गणित करून बघा. मान्य उतार १:१२, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. दीड मीटरच्या जोत्याला अठरा मीटरचा रॅम्प लागतो, तो करता येतो. दहा मीटरवरच्या मजल्यासाठी एकशे वीस मीटर, शिवाय मधले सपाट टप्पे. तेवढी जागा नसते, म्हणून लिफ्ट. ज्या रॅम्पवर व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाच धाप लागते तो उतार चुकलेला असतो. मोबाइलमधल्या मापकाने पाच अंशांच्या वर दाखवला तर फोटो काढून ठेवा.

वानखेडेला जायचं कसं?

शक्यतो गाडीने नको. सामन्याच्या दिवशी डी रोड आणि आजूबाजूचे रस्ते वाहतूक पोलीस बंद करतात, मरीन ड्राइव्हवर गाडी लावू देत नाहीत. गाडी आणायचीच असेल तर निघण्यापूर्वी त्या दिवसाची पोलिसांची अधिसूचना वाचा आणि बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याला दाखवायला दिव्यांग प्रमाणपत्र किंवा डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा. नियमापेक्षा समोरच्या माणसावर बरंच अवलंबून असतं, हे दुर्दैव.

लोकलने येत असाल तर चर्चगेट सोयीचं, कारण ते शेवटचं स्थानक आहे: गाडी थांबून राहते, उतरायला वेळ मिळतो, आणि फलाटाच्या टोकाकडून पूल न चढता बाहेर पडता येतं. मरीन लाइन्सला पूल आडवा येतो. राखीव डब्यात दिव्यांगांसोबत कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती महिलांनाही बसता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीनचं चर्चगेट स्थानकही सुरू झालं आहे. भुयारी मेट्रोत लिफ्ट आहेत, आणि फलाट व डब्याचा तळ एका पातळीवर असल्याने व्हीलचेअरसाठी लोकलपेक्षा ती कितीतरी बरी. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता हे आधी बघा. वीस षटकांचा सामना रात्री उशिरा संपतो.

आणि गहुंजे, जामठा, नेरुळ?

गहुंजे द्रुतगती मार्गालगत, गावाबाहेर आहे. गाडीशिवाय पोचणं कठीण, आणि गाड्या मोकळ्या रानात लावतात; तिथून गेटपर्यंतची चाल खडबडीत. माणसाला गेटपाशी उतरवून मग गाडी लावायला परवानगी मिळेल का, हे आधी विचारा. बऱ्याच स्टँडवर छप्पर नाही. ऑक्टोबर २०२४ मधल्या न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत प्रेक्षकांना पिण्याचं पाणी पुरलं नव्हतं आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

जामठा वर्धा रोडवर, शहरापासून दूर. सामना सुटला की तो रस्ता तासभर तुंबतो. नेरुळचं स्टेडियम २ नोव्हेंबर २०२५ च्या महिला विश्वचषक अंतिम सामन्याने घराघरांत पोचलं. तिथे छप्पर चांगलं आहे आणि नजरेआड येणारे खांब नाहीत. नेरुळ स्टेशनपासून रिक्षा करा.

काठी, औषधं, पाणी, बॅटरीची खुर्ची: गेटवर अडवतात का?

बाटल्या, पिशव्या, पॉवर बँक, नाणी हे सगळं बाहेर ठेवायला लावतात. काठी आणि कुबड्या रोखत नाहीत, पण काठी जरा जाड किंवा घडीची असली की प्रश्न सुरू होतात. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसोबत, पारदर्शक पिशवीत ठेवा. इन्सुलिन असेल तर चिठ्ठीवर सुयांचा उल्लेख हवा. बॅटरीवरच्या खुर्चीबद्दल आधी ईमेल असलाच पाहिजे, कारण पॉवर बँक काढून घेणाऱ्या रक्षकाला तुमच्या आसनाखालची बॅटरी कशी समजावणार? मोकळी व्हीलचेअर गेटवर मिळेल अशा भरवशावर निघू नका. आणि एकदा बाहेर पडलात की बहुधा परत आत घेत नाहीत.

स्वच्छतागृहाचं काय?

पोचल्या पोचल्या, सामना सुरू होण्याआधी जाऊन बघून या. दार किती रुंद, आत वळता येतं का, धरायला दांडा आहे का, आणि मुख्य म्हणजे कुलूप आहे का. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह झाडू-बादल्या ठेवायची खोली झालेलं अनेक सार्वजनिक इमारतींत दिसतं. चावी कुणाकडे आहे ते तेव्हाच शोधा. डावाच्या मध्यंतरात तिकडे जाऊ नका. षटक सुरू असताना जा.

सामना संपल्यावर निघायचं केव्हा?

एकतर शेवटच्या तीन-चार षटकांआधी, नाहीतर सगळे गेल्यावर अर्ध्या तासाने. मधे कधीच नाही. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांवर, आयपीएल विजयोत्सवाला जमलेल्या गर्दीत, चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. ती धडधाकट तरुण माणसं होती. ४ जुलै २०२४ ला विश्वविजेत्यांच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर झालेली गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. विजयोत्सव, मिरवणूक, मोफत प्रवेश हे शब्द दिसले की कमी चालणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. तिकिटाच्या सामन्यात निदान माणसं मोजलेली असतात.

थांबणार असाल तर तुमच्या भागातल्या रक्षकाला तसं सांगून ठेवा, नाहीतर ते दिवे बंद करून घाई करतात. आग किंवा धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत, म्हणून पायऱ्यांविना बाहेर पडायची वाट बसल्या बसल्या विचारून घ्या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर?

दिव्यांगांसाठीची जागा किंवा सवलत मागताना ते विचारू शकतात. कार्ड देशभर चालतं. त्याचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर ठरतो: पिवळं ४० ते ८० टक्के, निळं ८० टक्क्यांपासून पुढे, पांढरं ४० टक्क्यांच्या आत. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेल्याला किंवा सत्तरीतल्या संधिवाताच्या आजींना कार्ड नसणारच. तेव्हा डॉक्टरांच्या पत्रावर ‘जिने चढण्यास मनाई’ एवढी एक ओळ असू द्या. ती ओळ आजाराच्या नावापेक्षा जास्त काम करते.

स्टेडियम खासगी संघटनेचं आहे. त्यांना कायदा लागू होतो का?

होतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक इमारतीची व्याख्या सरकारी आणि खासगी दोन्ही धरते, आणि करमणुकीसाठी लोक जिथे येतात त्या जागा तिच्यात येतात. कलम ४५ ने जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करायला नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. ज्या स्टेडियमच्या एका सामन्याची उलाढाल कोटींत असते त्याला पहिल्या दंडाची भीती कितपत वाटत असेल, ते तुम्हीच ठरवा.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात म्हटलं की सुगमतेची मानकं नुसत्या शिफारशी असून भागणार नाही. २०१७ च्या त्या नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

तक्रार कुठे?

आधी आयोजकांकडे लेखी. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. कार्यालय पुण्यात आहे आणि त्यांना दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत. तारीख, गेट, स्टँड, पायऱ्यांची संख्या आणि फोटो जोडा. ‘खूप त्रास झाला’ यापेक्षा ‘गेटपासून जागेपर्यंत ४२ पायऱ्या, कठडा नाही’ असं लिहिलेलं पत्र बाजूला सारणं कठीण जातं. केंद्राच्या सुगम्य भारत ॲपवरही फोटोसह तक्रार टाकता येते.

स्टेडियममध्ये अशा किती जागा असायला हव्यात?

इंग्लंडमधल्या मार्गदर्शिकेत नव्या स्टेडियमसाठी आकडे आहेत: २० ते ४० हजार क्षमतेला १५० व्हीलचेअर जागा, अधिक २० हजारांवरच्या दर हजारामागे तीन. वानखेडेची क्षमता ३३ हजारांच्या आसपास. या हिशेबाने १८९. अमेरिकेच्या सूत्राने, पाच हजारांपर्यंत ३६ आणि पुढे दर दोनशेमागे एक, साधारण १७६. दोन देश, दोन पद्धती, उत्तर जवळपास एकच. संघटनेला पत्र लिहाल तेव्हा हा आकडा विचारा: आमच्याकडे किती आहेत आणि कुठल्या स्टँडमध्ये?

हे आकडे तिकडेही सहज आले नाहीत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत ही मार्गदर्शिका पाळू असं सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं, ते प्रेक्षकांच्या संघटनांनी आणि सरकारने वर्षानुवर्षं मागे लागल्यावर. तरीही काही क्लबांनी ती तारीख चुकवली.

मुलाकडे लंडनला चाललोय. तिथे बाबांना सामना दाखवता येईल का?

येईल, आणि इथल्यापेक्षा सोपं जाईल. क्लबच्या किंवा मैदानाच्या साइटवर सुगमतेसाठी वेगळा विभाग आणि वेगळा संपर्क असतो. तिकीट घेण्याआधीच तिथे लिहा. वेम्ब्ली या फुटबॉल स्टेडियममध्ये ३१० व्हीलचेअर जागा आहेत आणि वेम्ब्ली पार्क स्थानकातून पायऱ्यांविना बाहेर पडता येतं. लॉर्ड्सचं जवळचं सेंट जॉन्स वुड स्थानक मात्र जुन्या पद्धतीचं, सरकते जिने असलेलं. व्हीलचेअर असेल तर बस किंवा टॅक्सी धरा. लंडनच्या सगळ्या काळ्या टॅक्सींत रॅम्प असतो. आणि बाबांना थंडीचं जॅकेट द्या. जूनमध्येही सावलीतल्या स्टँडमध्ये तासन्‌तास बसलं की हुडहुडी भरते.